बाईंना विचारा: कोट घातला की बकरी?

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की निवृत्तीनंतर पिंपळे सौदागरला एका चिनी मुलाला इंग्रजी शिकवायला जाते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवले. मुलाचे वडील चाकणच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांच्या आडनावाचा अर्थ चिनी भाषेत 'राजा' होतो, म्हणून मी मुलाला राजाच म्हणते. वय तेरा, सातवी. दोन वर्षांनी परत जाऊन त्याला तिकडची परीक्षा द्यायची आहे. आता पत्रं.

बाई, मी तुमच्याच शाळेतली, २०१५ ची दहावीची बॅच. बी.ए. इंग्रजी केलं. वाकडला आमच्या सोसायटीतल्या चिनी कुटुंबाने मुलाला शिकवशील का म्हणून विचारलंय. मला चिनी भाषेचं अक्षरही येत नाही. हो म्हणू का? सुरुवात कुठून करू? — तुमची एक विद्यार्थिनी

हो म्हण. आणि फी पहिल्याच दिवशी ठरव. मी भिडेखातर 'बघू नंतर' म्हणाले आणि दोन महिने बघतच राहिले.

चिनी मलाही येत नव्हती. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कशी आपटले ते ऐक. राजाला शुद्धलेखन घातलं. त्यांच्याकडे ही रोजची गोष्ट असते, शिक्षक शब्द सांगणार आणि मुलांनी लिहायचे. मी म्हटलं, 'आय पुट ऑन माय कोट.' राजाने लिहिलं, 'आय पुट ऑन माय गोट.' अंगात बकरी घातली! पुढे 'पेअर' सांगितलं तर त्याने अस्वल लिहिलं, 'बेअर'. मला वाटलं, पोराचं लक्ष नाही. एकतीस वर्षांच्या सवयीने डोळे वटारले. तो बिचारा म्हणाला, 'टीचर, यू से गोट.'

आणि त्याचं खरं होतं. आपल्या बाराखडीत क, ख, ग, घ असे चार वेगवेगळे आवाज. चिनी प्रमाणभाषेत त्यातले दोनच, क आणि ख. तसंच प आणि फणसातला फ, त आणि थ. आपल्यासारखे घुमणारे ग, ब, द त्यांच्याकडे नाहीतच. शाळेत उच्चार शिकवायला त्यांची एक रोमन लिपी आहे, पिनयिन, १९५८ सालापासूनची. तिच्यात 'बी' लिहिलं की उच्चार आपल्या 'प'सारखा, आणि 'पी' लिहिलं की 'फ'सारखा. आता आपण मराठी माणसं 'पेन', 'कोट', 'टाइम' म्हणताना तोंडातून हवेचा फुसकारा सोडत नाही. इंग्रज सोडतो. आपला कोरडा 'प' त्या मुलाच्या कानाला 'बी' वाटतो. उलट तो 'बॅग' म्हणाला की आपल्याला 'पॅग' ऐकू येतं आणि आपण त्याची चूक काढतो.

उपाय दोन मिनिटांचा. कागदाची पातळ पट्टी तोंडासमोर धरायची आणि 'पेन' म्हणायचं. पट्टी हलली तर उच्चार बरोबर. ही पट्टी राजासाठी नाही, आपल्यासाठी. मी सदाशिव पेठेतल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि माझी पट्टी पहिल्यांदा हलली ती सहासष्टाव्या वर्षी.

पिनयिनचा दुसरा गोंधळ वाचनात दिसेल. मुलगा इंग्रजी 'विमेन'चं स्पेलिंग बघतो, पण तीच पाच अक्षरं पिनयिनमध्ये 'वोमन' होतात आणि त्याचा अर्थ 'आम्ही'. 'फॅन' लिहिलेलं त्यांच्या लिपीत भात, आणि 'हेन' म्हणजे 'खूप'. त्याला उताऱ्यात पंखा आणि कोंबडी दिसण्याआधी क्षणभर भात दिसतो. तो अडखळला तर लगेच टोकू नकोस, त्याला रूळ बदलू दे.

तिकडच्या शाळेची थोडी माहिती असू दे. इंग्रजी साधारण तिसरीपासून. सातवी, आठवी, नववी म्हणजे कनिष्ठ माध्यमिक शाळा, आणि नववीच्या शेवटी 'चोंगखाव' नावाची परीक्षा. पुढे चांगली शाळा मिळणार की नाही ते तिच्यावर, म्हणजे आपल्या दहावीएवढाच घोर. प्रश्नपत्रिका सगळीकडे एकच नसते, इंग्रजीला कुठे १००, कुठे १२०, कुठे १५० गुण. म्हणून कुठल्या शहराची परीक्षा, ते आईवडिलांना आधी विचार. २०२२ च्या अभ्यासक्रमात नववीअखेर सुमारे १,६०० शब्द यावेत अशी अपेक्षा आहे. ती छापील यादी पालकांकडे असतेच, मागून घे. यादीबाहेरचे सुंदर सुंदर शब्द शिकवायचा मोह तुला होणार. तो आवर.

आमच्या शेजारच्या चिनी ताईंच्या वतीने विचारतो आहे. त्यांची मुलगी रोज रात्री तीस शब्द पाठ करते. शुद्धलेखनात तीसपैकी तीस. पण उतारा वाचून पाच प्रश्नांपैकी दोनच बरोबर येतात. आई फोनवरच्या भाषांतराने मला विचारते आणि मी नुसती मान हलवतो. काय सांगू? — एक शेजारी, बाणेर

त्यांना आधी सांगा, की मुलगी आळशी नाही. ही गोष्ट भाषांतराच्या यंत्रालाही नीट सांगता येईल.

तीस शब्द म्हणजे तिच्या डोक्यात तीस जोड्या आहेत. एक इंग्रजी शब्द, एक चिनी अर्थ. 'बुक' म्हणजे पुस्तक, 'वॉटर' म्हणजे पाणी, 'लाइक' म्हणजे आवडणे. आता उताऱ्यात येतं, 'शी लुक्स लाइक हर फादर.' मुलगी वाचते, ती बघते आणि तिला वडील आवडतात. प्रश्न येतो, दोघांत साम्य कशाचं? ती पानभर आवड शोधत बसते. मग 'बुक अ टिकेट', मग 'वॉटर द प्लान्ट्स'. एकही शब्द नवीन नाही आणि एकही वाक्य कळलेलं नाही. अवघड शब्दांनी मुलं फारशी नापास होत नाहीत. असे घरातले शब्दच दगा देतात.

माझी पद्धत सांगते. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे कागद कापायचे. पुढच्या बाजूला शब्द नाही, वाक्य लिहायचं, आणि शब्दाखाली रेघ. 'लाइक'ची दोन वाक्यं असतील तर दोन वेगळी कार्डं. मागे अर्थ, चिनीत लिहिला तरी चालेल. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे घालून पाच कप्पे करा. वाक्याचा अर्थ बरोबर सांगितला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, असं अंतर वाढवत शेवटचा महिन्याने. ही युक्ती माझी नव्हे, १९७२ मध्ये लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने लोकप्रिय केली. मिठाईचा खोका मात्र माझा. नवी कार्डं दिवसाला दहाच. तीसऐवजी दहा म्हटलं की त्या ताई नाराज होतील. होऊ द्या.

दुसरं, वाचायला सोपं द्या. म्हणजे खरंच सोपं. १९२० च्या दशकात ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक होते. बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तकं बघून त्यांच्या लक्षात आलं, की नवे शब्द इतके दाटीने आलेत की मुलं वाचत नाहीत, नुसती शब्दार्थ काढत बसतात. त्यांनी नवे शब्द विरळ पेरून पुस्तकं लिहिली. माझा हिशोब असा, की पन्नास शब्दांत एखादाच नवीन असावा. दोन-तीन झाले की ते वाचन राहत नाही.

असा मजकूर तयार मिळाला नाही तर स्वतः लिहायचा. मी राजाला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेलं आणि घरी येऊन त्याच्याच शब्दांत शंभर शब्दांचा उतारा लिहिला. त्यात वाघ झोपलेला, राजाची आई उन्हाला वैतागलेली आणि कणीस तिखट लागलेलं. नवे शब्द दोनच, 'केज' आणि 'स्पायसी'. तो उतारा त्याने आपण होऊन चार वेळा वाचला, कारण त्यात त्याची आई होती.

मी निगडीला दोन चिनी भावंडांची शिकवणी घेते. दोघंही आजीला 'ही' म्हणतात, 'यस्टरडे आय गो' म्हणतात आणि 'ऑलदो'नंतर हटकून 'बट' लावतात. शंभरदा सांगून झालं. — त्रासलेली शिक्षिका

शंभरदा सांगितलंत हेच चुकलं. तीन चुकांची तीन वेगळी मुळं आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली दोन मराठीतून दिसतात.

'ही' आणि 'शी'चं आधी. चिनीत तो, ती, ते तिघांचा उच्चार एकच, 'था'. लिहिताना चिन्हं वेगळी, आणि 'ती'चं वेगळं चिन्हसुद्धा गेल्या शंभरेक वर्षांतच रुळलं. म्हणजे त्या मुलांना आजी बाई आहे हे ठाऊक आहे, पण तोंड उघडताना ते सांगायची त्यांना कधी गरज पडलेली नाही. हे मराठीतून समजणार नाही, आपल्याकडे क्रियापदालासुद्धा लिंग चिकटलेलं. इथे नियम नको, सवय हवी. एका काकाचा आणि एका आत्याचा फोटो समोर ठेवा. दोघांबद्दल आलटून पालटून वाक्यं. बोलण्याआधी बोट फोटोवर. राजाला सहा आठवडे लागले आणि अजूनही घाईत असला की त्याची आई 'ही' होते.

'ऑलदो–बट'चं मूळ आपल्या घरात आहे. चिनीत 'स्वेइरान' म्हटलं की पुढे सहसा 'तान्शी' येतं. आपलं 'जरी' आलं की 'तरी' येतं, तसं. 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.' माझ्या मराठी मुलांच्या वह्यांतही हीच चूक वर्षानुवर्षं होती आणि मी लाल शाई ओतत राहिले. आता दोन कार्डं करते, एकावर 'ऑलदो', दुसऱ्यावर 'बट'. वाक्य बोलायचं तर पत्त्यासारखं एकच टाकायचं, दुसरं हातातच ठेवायचं. 'बिकॉज–सो'लाही हाच डाव.

आता काळ. राजाने मला विचारलं होतं, 'टीचर, मी यस्टरडे म्हटलं ना? मग गोला पुन्हा कशाला बदलायचं?' सांगा उत्तर! चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. 'काल' म्हटलं की काम झालं. बरं, त्यांच्याकडे 'ल' नावाचा एक छोटा शब्द आहे. तो क्रियापदामागे लागला की मुलांना वाटतं, हाच भूतकाळ. तसं नाही. तो गोष्ट पुरी झाल्याचं सांगतो, मग ती उद्या का पुरी होईना. तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर आपलंच वाक्य बघा: 'उद्या जेवलो की फोन करतो.' उद्याची गोष्ट आणि क्रियापद 'जेवलो'! तिथे चिनी माणूस नेमका 'ल' लावतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसले. तर मुलांना सांगायचं, की इंग्रजीत 'काल' दोनदा सांगावं लागतं, एकदा शब्दात आणि एकदा क्रियापदात. कंटाळवाणं आहे, पण त्यांचा कायदा तसा. वाक्यात वेळेच्या शब्दाखाली रेघ मारायची आणि तिथून बाण क्रियापदापर्यंत न्यायचा. बाण नाही तर वाक्य अपुरं.

'अ', 'ॲन', 'द'वर मी फार जीव टाकत नाही. ते ना चिनीत आहेत ना मराठीत, आणि चुकले तरी अर्थ सहसा बुडत नाही.

माझी चिनी विद्यार्थिनी गणितात हुशार, पण इंग्रजी उताऱ्यातले मोठे आकडे चुकते. असं का? — एक वाचक, रावेत

कारण तिची शून्यं वेगळ्या जागी तुटतात. आपण हजारावरून लाखावर जातो. ते दहा हजारांवर थांबतात, त्याला 'वान' म्हणतात, आणि मग थेट दहा कोटींवर, ते 'यी'. इंग्रजी मिलियन म्हणजे आपले दहा लाख आणि तिचे शंभर वान. दोघींनी शेजारी बसून आकडा लिहा आणि तीन-तीन शून्यांवर स्वल्पविराम द्या. तुमचीही एखादी चूक निघेल.

एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की पुण्यात घरी बसून चीनमधल्या शाळकरी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं काम आहे. नोंदणीचे पैसे आधी भरायचे आहेत. भरू का? — एक गृहिणी, धनकवडी

नका भरू. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत शालेय विषयांच्या शिकवण्या बंद, आणि परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून संस्थांनी असं शिकवून घेणंही बंद. मुलांवरचं ओझं कमी करायचं हा त्यामागचा हेतू. त्याआधी या धंद्यात भरपूर पैसा होता, म्हणून ते आमिष अजून फिरतं. शिवाय काम देणारा आधी पैसे मागतो हे कुठल्याही देशाच्या बाबतीत वाईट लक्षण.

गाळलेल्या जागांचे उतारे, ज्यात चार-चार पर्याय असतात, ते कसे सोडवून घ्यावेत? माझा चिनी विद्यार्थी प्रत्येक जागेपाशी थांबून चारही पर्यायांचा कीस काढतो आणि वेळ संपतो. — एक शिक्षक, तळेगाव

पर्याय झाका. खरंच, कागदाने झाका. चोंगखावच्या पत्रिकेत अशा आठ ते पंधरा जागा असतात आणि चार पर्याय मुद्दाम एकमेकांसारखे असतात. त्यांच्याकडे आधी बघितलं की मूल गोष्ट विसरतं.

'गुरुवारी पाणी ___ नाही' असं सोसायटीच्या फळ्यावर अर्धवट पुसलेलं असलं, तरी पुण्यातला माणूस बादल्या भरायला लागतो. त्याला चार पर्याय लागत नाहीत. १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने असे शब्द गाळलेले उतारे वापरले, तेही मुलांची परीक्षा घ्यायला नाही, तर मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला. शब्द गाळूनही वाचता येतो म्हणजे मजकूर सोपा. मनाला अपुरी आकृती पुरी करायची खोड असते, त्यावरून त्या पद्धतीला नाव पडलं, 'क्लोज'.

म्हणून पहिलं वाचन जागा तशाच सोडून शेवटपर्यंत. मग मुलाने गोष्ट चिनीत सांगितली तरी चालेल, तुम्हाला कळो न कळो. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने स्वतःचा शब्द. तिसऱ्यात कागद काढून त्याच्या शब्दाच्या जवळचा पर्याय. आणि दिवसाला एकच उतारा. चार-चार उतारे उरकणाऱ्या शिकवण्या मला बघवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच उतारा मोठ्याने वाचायला लावा. त्यांच्या शाळांत सकाळच्या मोठ्याने वाचनाची तासिकाच असते, त्याला नवल वाटणार नाही. शेजाऱ्यांना वाटेल.

चिनी पोरांचं काय घेऊन बसलात? माझा नातू आठवीत, इंग्रजी माध्यमात. फाडफाड बोलतो आणि लिहिताना प्रत्येक ओळीत घाण करतो. त्याचं सांगा. — एक आजोबा, सदाशिव पेठ

आजोबा, त्याच्यासाठी चिनी पोरांकडूनच एक वस्तू उसनी घ्या. 'त्स्वो-थी-पेन', म्हणजे चुकलेल्या प्रश्नांची वही. तिकडे ती बहुतेक मुलांकडे असते. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे बरोबर वाक्य, आणि मध्ये चुकीचं कारण. महिन्याने उजवं पान झाकून पुन्हा सोडवायचं.

कारणाच्या रकान्यावर मात्र नजर ठेवा. राजाच्या जुन्या वहीत जिकडेतिकडे एकच चिनी शब्द दिसला. त्याच्या आईला विचारलं तर अर्थ निघाला, 'निष्काळजीपणा'. पंचेचाळीस चुका आणि पंचेचाळीस वेळा निष्काळजीपणा! आता तो शब्द आमच्याकडे बंद आहे. चूक चिनीतून आली, पिनयिनमधून आली, दुसऱ्या इंग्रजी शब्दातून आली की बाईंच्या उच्चारातून, ते लिहायचं. तुमचा नातू बहुधा मोबाइलवर लिहितो तसं वहीत लिहितो. पण ते त्याला शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

वही अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी, लांब घ्या. छोटी घेतली तर हरवते, आणि मुलं ती हरवायचीच वाट बघत असतात. स्वतःसाठीही एक घेतलीत तर नातू आपली दाखवायला कुरकुरणार नाही. राजाने मला भरायला लावली आहे. तो मला रोज पाच चिनी शब्दांचं शुद्धलेखन घालतो. परवा मी त्याच्या आईला 'मा' म्हणताना सूर चुकवला आणि घोडा म्हणाले. माझ्या वहीत ती सतरावी नोंद. पहिली अर्थात कोटाची, आणि तिच्या कारणाच्या रकान्यात राजाच्या अक्षरात लिहिलंय: 'टीचर, मराठी.'